केकवरचा झेंडा

बोडिलने डेन्मार्कमधल्या आमच्या स्वेनबोर्गच्या फेरीबोटीवर तीस वर्षं तिकिटं तपासली. एकदा पाद्रीबुवा बिनतिकीट सापडले, तर त्यांच्याकडूनही दंड घेतला. निवृत्तीनंतर ती आमच्या गल्लीच्या शेअर क्लबात आली. दर महिन्याला एकाच्या घरी कॉफी, केक आणि आमच्या लाडक्या औषध कंपनीची आरती. क्लबची सगळी पुंजी त्या कंपनीच्या सांधेदुखीच्या गोळीवर लावलेली.

वसंतात बातमी आली, स्वीडनच्या स्पर्धक कंपनीच्या गोळीने लोकांची नजर अधू होते. त्यांचे शेअर आपटले, आमचे चढले. आमच्या सुसंस्कृत क्लबने केक कापला, वर आमच्याकडे वाढदिवसाला, आनंदाला लावतात तो कागदी झेंडा खोचून! केक बोडिलनेच केलेला. लोकांचे डोळे जाताहेत यात झेंडा लावण्यासारखं काय, असं मी विचारलं.

"तू केकवरही मोर्चा काढशील," क्लबचा अध्यक्ष प्रेबेन म्हणाला. निवृत्त बँकवाला, त्याची समज तेवढीच.

ऑगस्टात बोडिलला एका दिव्याचे दोन दिसायला लागले. ती आमचीच गोळी घेत होती, निष्ठा म्हणतात ती ही! डॉक्टरांनी गोळी बंद केली, औषध खात्याला कळवायला सांगितलं. आणि या भोळीने ते आधी क्लबात सांगितलं.

"बुधवारपर्यंत थांब गं," प्रेबेन म्हणाला. "आधी आपण विकून मोकळे होऊ."

"आणि तोवर गोळी घेणाऱ्यांनी काय करायचं?"

"इतकी वर्षं घेताहेत, आठवड्याने काय बिघडतंय? आणि तुझेही पैसे आहेत ना त्यात?"

"प्रेबेन, तू धापा टाकत धक्क्यावर यायचास. एकदा तरी थांबवली मी बोट?"

तिने तिथेच फोनवर औषध खात्याचा तक्रार अर्ज उघडला. अक्षरं दुहेरी दिसत होती, म्हणून मी वाचत गेले, ती सांगत गेली. पाठवून टाकलं.

अशा तक्रारी आधीच बऱ्याच गेल्या होत्या. बुधवार उजाडायच्या आतच चौकशी लागली, आमचे शेअर गडगडले, स्वीडनचे चढले. तिकडे माल्मोत कुणीतरी केक कापलाच असेल.

पुढची बैठक बोडिलकडे होती. प्रेबेनचं डोकं दुखत होतं. बाकी सहाजणांचंही, त्याच दिवशी! मी एकटीच गेले. नऊ माणसांच्या केकवर झेंडा खोचलेला.

"कसला गं आनंद?"

"कळवलं त्याचा. सरळ बसलाय का बघ, मला दोन दिसतायत."

"दोन्ही सरळ आहेत," मी म्हटलं, आणि सुरी घेतली.