बिनखड्ड्यांचा खेळ

ताईचा उजवा अंगठा गेमच्या रिमोटच्या बटणावर नुसता टेकलेला होता. मी शेजारी बसून त्याच्याकडेच बघत होतो. लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या गेममध्ये तिला आमच्या गल्लीत कुणी हरवू शकत नसे. पक्षाघातानंतर ती दिवसदिवस गप्प राहू लागली, म्हणून दोन वर्षं खपून मी तिच्यासाठी तसाच गेम बनवला. एकेक चौकोन रंगवून पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी उभी केली.

पण पहिल्याच खड्ड्यावरून उडी मारायला ताईकडून बटण वेळेवर दाबलं जाईना. मी खड्डा अरुंद केला, मग बुजवूनच टाकला. पुढचे शत्रूही काढले. खेळाची गंमत त्याच्या अवघडपणात असते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आपल्या माणसाला हरताना बघवत नाही. शेवटी ती मुलगी आपोआप चालत थेट शेवटाला पोचू लागली.

ताईने सगळं नीट पाहिलं.

"छान झालाय रे," ती अडखळत म्हणाली. "पण हिला माझी गरजच नाही."

डाव्या हाताने तिने रिमोट माझ्याकडे सरकवला. त्यानंतर कधी मागितला नाही.