म्हशीचे तीनशे दहा दिवस

जगात मोठमोठे लोक खुल्या, मोफत सॉफ्टवेअरचे समुदाय चालवतात. मीही एक चालवते. उमरग्यात, हायवेला लागून असलेल्या टायरच्या दुकानावरच्या खोलीतून. खालून ट्रक गेला की टेबलावरचा चहा हलतो. प्रमुखपदी माझी निवड बिनविरोध झाली, कारण त्या दिवशी समुदायात मी एकटीच होते.

आमचं सॉफ्टवेअर गाई-म्हशींचं. जनावर गाभण राहण्यासाठी कधी भरवलं ती तारीख फोनमध्ये टाकली की व्यायच्या आधी धार काढणं बंद करून दूध कधी आटवायचं, व्यायची तारीख कोणती, जंताचं औषध कधी, हे सगळं फोन सांगतो. मी ते लिहिलं बेंबळीच्या मावशीसाठी. तिच्याकडं तीन म्हशी, आणि तिघींच्या तारखा गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या. एका दिवाळीला घरच्यांनी उत्साहात भिंत रंगवली आणि सगळ्या तारखा गेल्या. मावशी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग मी कोड लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वाचावा, सुधारणा पाठवावी. आलेली सुधारणा घ्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार, म्हणजे आमच्या भाषेत चावी, तेवढी माझ्याकडं.

समुदायाच्या प्रमुखानं आपले अग्रक्रम लिहून ठेवावेत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी वहीत पहिला लिहिला: कुणी रुसू नये. दुसरा सुचेना, म्हणून पहिल्याखालीच दोन रेघा मारल्या.

आता यात माझा दोष किती? आमच्याकडं आहेरात आलेली साडी कितीही भडक असली तरी परत करत नाहीत. घडी हातात घेऊन "रंग छान आहे हो" म्हणतात. कोडचंही मी तेच केलं. मुरूम गावचे एक पेंडीचे दुकानदार हौसेनं कोड शिकले होते. त्यांनी प्रत्येक जनावराला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा जातील, तेही सनईसह, अशी सोय करून पाठवली. मी घेतली. चावीसुद्धा मागेल त्याला दिली, कारण एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही तर मानपान आलंच. पहिल्या पानावर नावं लावली: कार्याध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक, प्रेरणास्थान. कोड लिहिणारे आम्ही तिघं आणि प्रेरणास्थानं सहा.

त्या तिघांतले तिसरे म्हणजे माझे शाळेतले गणिताचे सर. निवृत्तीनंतर फोनवरचे धडे बघून ते कोड शिकले. एके दिवशी त्यांची सुधारणा आली. सोबत लिहिलं होतं, "दोन ठिकाणी दोन आकडे होते. एकच सूत्र केले आहे. सुटसुटीत." मी वाचलीच नाही. सरांचं गणित तपासायचं? माझी काय बिशाद! "अप्रतिम, सर" असं लिहून मी ती घेऊन टाकली.

ते दोन आकडे होते गाय आणि म्हैस किती दिवस गाभण राहतात त्याचे. गाय दोनशे ऐंशी, म्हैस तीनशे दहा. सरांच्या घरी कायम गाय होती. म्हैस कधीच नव्हती.

काही आठवड्यांनी मावशीचा फोन आला.

"आठ दिस झाले, म्हशीजवळ बसून हाय म्या. नणंदंच्या पोरीचं लगीन सोडलं. बाजरी शिजवून ठिवली, गूळ आणला. शेजारणी खरवसाच्या चिकासाठी भांडी ठिवून गेल्या. अन म्हस निवांत रवंथ करतीया!"

"तारीख काय दाखवतोय फोन?"

"तारीख तर झाली की! तुझ्या फोननं मला सांगितलं, म्हशीला कुणी सांगितलं न्हाय."

मी कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. मावशीचं पुढचं बोलणं जास्त काळजीचं होतं. तिची दुसरी म्हैस भर दुधात होती, आणि लवकरच तिला आटवायला घ्या असं फोन सांगणार होता. तोही महिनाभर आधीच. एकदा आटलेलं दूध व्याल्याशिवाय परत येत नाही. मावशीचा सगळा रतीब त्या एका म्हशीवर चाललेला.

"मावशी, दुरुस्त करते. आता फोन म्हणेल तसं कर," मी ठासून सांगितलं.

आकडा मी लगेच बदलला, पण गुपचूप. सरांना कशाला कळवायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आल्यावर सरांनी तो परत दोनशे ऐंशी केला. चावी त्यांच्याकडंही होती. खाली टीप: "कोणीतरी चूक केली होती. दुरुस्त केली. शुभ सकाळ." मी पुन्हा बदलला. सरांनी पुन्हा दुरुस्त केला. "तीच चूक पुन्हा. लक्ष असावे. शुभ सकाळ." माझ्याच वयाची बाई एवढ्या भित्रेपणानं वागली असती तर मी तिला चार शब्द सुनावले असते.

मी मुरूमच्या दुकानदारांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "ताई, असं डायरेक्ट सांगू नये. आधी सत्कार करू, मग हळूच विषय काढू." मला हे पटलं! आम्ही दोघं शाल, श्रीफळ घेऊन सरांच्या घरी गेलो. शाल घातली. सर गहिवरले. सरांच्या सौभाग्यवतींनी पोहे केले. दुकानदारांनी मला दोनदा कोपर मारलं. मी घसा साफ केला आणि तोंडातून बाहेर पडलं, "सर, आजपासून तुम्ही आमचे मुख्य मार्गदर्शक."

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

"कालपास्नं आटवाया घेतलीया बघ दुसरीला. फोननं सांगितलं. एक येळचं काढलंच न्हाय. लई हंबरतीया. पर तू म्हनलीस नव्हं, फोन म्हनंल तसं कर."

मला माझी लाज वाटली. अगदी सरळ लाज. जिच्यासाठी हे सगळं मांडलं, तिची म्हैस मी हंबरायला लावली होती. का, तर पोहे खाताना एक वाक्य बोलता आलं नाही. मी खुर्चीवर बसले आणि सगळ्यांना दिसेल असं, सरांच्या सुधारणेखाली लिहिलं: "सर, हा आकडा चूक आहे. म्हैस तीनशे दहा दिवस. ही सुधारणा परत घेत आहे. न विचारता बदल होऊ नयेत म्हणून चावी यापुढे फक्त माझ्याकडे राहील." पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला.

तासाभरात जिन्यावर पावलं वाजली. सरच. मी उभी राहिले. ते बसले नाहीत.

"तीन दिवस मी ही चूक करतोय," सर म्हणाले, "अन तुला माहीत होतं?"

"व्हय, सर."

"माझ्या घरी आलीस. पोहे खाल्लेस."

मी मान खाली घातली.

"शाळेत तुझी चुकलेली गणितं मी गपचूप खोडून, बरोबर करून ठेवली असती, तर आज कुठं असतीस तू?"

मग त्यांनी विचारलं, "कुणाचं काय बिघडलं का?" मी मावशीचं सांगितलं. "लाव फोन," ते म्हणाले. मी लावला, आवाज मोठा केला.

सर म्हणाले, "बाई, मी हिचा मास्तर बोलतोय. तुमच्या म्हशीची तारीख माझ्यामुळं चुकली."

पलीकडं मावशीनं बहुतेक डोक्यावर पदर घेतला असावा. "न्हाय ओ गुरुजी! तुमचं कसं चुकंल? म्हसच आमची तसली हाय."

सर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "म्हैस बरोबर आहे, बाई. मी चुकलो."

मागं म्हैस हंबरलेली आम्हाला दोघांनाही ऐकू आली.

"मग आता काढू का दूध?" मावशीनं विचारलं.

सरांनी फोनकडं बोट करून मला खुणावलं.

"काढ," मी म्हणाले.