नानांचं चाटण

नाना बोट जिभेवर टेकवायचे, मातीत बुडवायचे, पुन्हा जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे, "फिकं शे, भाऊ."

तुम्ही म्हणाल, भला माणूस माती का खातो? नाना आमचे वनरक्षक. मूळचे साक्रीकडचे. बदलीने इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आले, पण बोली तिकडचीच ठेवली, 'आहे'ला 'शे' म्हणायची. फैजपुरात माझं ढेप-सरकीचं दुकान आहे. गुरांचं खडेमीठ आणि क्षारांची पावडर ते माझ्याकडून न्यायचे, जंगलातल्या झऱ्याजवळ मातीत कालवून कुटायचे. ते हरणांसाठी चाटण.

दुकानात आले की मी त्यांना किस्सा रंगवून सांगे. पोत्यांवर चढून वाघसुद्धा करून दाखवी. नाना शेवटपर्यंत ऐकत, पावडर चाखत आणि म्हणत, "फिकं शे." पावडर की किस्सा, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

त्या उन्हाळ्यात मात्र त्यांचं हसू गेलं. चितळं खाली केळीच्या बागांत उतरून मिठाच्या ओढीने सांडलेलं खत चाटू लागली होती. एक मादी ते खाऊन तिथेच मेली, दुसरीला कुत्र्यांनी धरलं. आणि वर चाटणावर खुराचा ठसा नाही.

मी म्हटलं, "नाना, मला न्या. माझा जनावरांवर प्रभाव पडतो."

"घरमा पडत नही, जंगलमा पडी का?" म्हणाले, पण नेलं.

चढ चढताना मी निम्मा वितळलो. झऱ्याशी पोचल्यावर घामाने ओलाकच्च सदरा चाटणावर वाकलेल्या करवंदीच्या जाळीवर वाळत टाकला आणि दोघं दगडाआड बसलो. वेळ जावा म्हणून मी किस्सा काढला.

"गप बठ."

बसलो. माझ्या घरी हे अजून कुणाला खरं वाटत नाही.

ऊन कललं तशी एक मादी आली, मागे पाडस. नानांनी माझं मनगट धरलं. मादीने चाटणाकडे बघितलंही नाही. सरळ माझ्या सदऱ्याशी गेली आणि काखेपासून चाटायला लागली. मग कॉलर, मग बाह्या. इतक्या मनापासून माझी कदर आजवर कुणी केली नव्हती. ओढाओढीत सदरा खाली चाटणावर पडला. तिची मान खाली गेली, जीभ मातीला लागली, आणि तिथेच राहिली. मग पाडसही आलं.

नानांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, "भाऊ, तुन्हा सदरा आठेच राहू दे."

सदरा तिथेच सोडून मी बनियनवर फैजपुरात शिरलो. सदरा कुठाय, म्हणून जो तो विचारी. हरणाने चाटला, मी सांगे. माझ्या सगळ्या किश्शांत हा एकच खरा, आणि नेमका यावरच कुणाचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर बागांतली चितळं कमी होत गेली. वर चाटणाला जिभांनी खोलगा पाडला. नाना निवृत्त होऊन गावी गेले आणि गेल्या हिवाळ्यात वारले.

आता नव्या वनरक्षकासोबत मीठ घेऊन मी वर जातो. खोलग्यात माती कुटतो, कुणी बघत नाही ना ते पाहतो आणि बोट जिभेवर टेकवतो. चव मला काडीची कळत नाही. तरी मूठभर मीठ वाढवतो.