तंबोऱ्याचा सांधा

माझं तोंड वाईट. मिरजेतल्या आमच्या गल्लीत घरोघर तंबोरे-सतारी होतात, तिथं कुणालाही विचारा. गेल्या हिवाळ्यात विश्रामबागेतल्या गाण्याच्या बाई त्यांचा जुना तंबोरा घेऊन दुकानात आल्या, तेव्हा हेच तोंड नडलं.

भोपळा आणि दांडी जिथं जुळतात तो सांधा उघडला होता. तारा चढवल्या की दांडी झुकायची, सूर टिकायचा नाही. बोटानं दाबलं तर भुगा पडला. झालं, मी सुटलो. "कुठल्या कसायानं हात लावला होता ह्याला? त्यापरीस सुताराकडं दिला असता. चौकटी तरी धड बसवतात ते."

बाई गोंधळल्या. "अहो, तुमच्याच दुकानात दुरुस्त केला होता की. दोन-तीन वर्षं झाली असतील."

भिंतीला टेकून अब्बा जवारी लावत बसले होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ घासून सूर मोकळा करायचा, ती जवारी. वयामुळं अब्बा आता तेवढंच काम करतात, पण त्यांच्या हातच्या जवारीसाठी गवई पार बेळगाव-धारवाडहून येतात. त्यावरच त्यांचा दिवस जातो.

मान वर न करता अब्बा म्हणाले, "आवं बाई, माझं काम ते. डोळ्यानं दगा दिला."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर मी त्यांच्यावरच घसरलो. "दिसत न्हाई तर हात कशाला घालायचा? दुकानाचं नाव जातं." बापाला, तेही गिऱ्हाइकासमोर. बाईच ओशाळल्या आणि तंबोरा ठेवून गेल्या.

दुपारी सांधा सोडवायला घेतला. आमच्यात सांधा सरसानं जोडतात. गरम पाण्याचं फडकं धरलं की सरस सुटतो, लाकडाला इजा होत नाही. उद्या दुसऱ्या कुणाला तो उघडता यावा, म्हणूनच तसा जोडायचा. मी फडकं धरून बसलो, सांधा हलेना. पातं घातलं तर आत डब्यातला तयार गोंद, दगड झालेला. किडकं लाकूड न काढता त्यावर भुसा आणि गोंद थापून दडपलेलं काम. अब्बांनी उभ्या जन्मात सरसाशिवाय काही वापरलं नाही. तो डबा दुकानात मी आणला होता, नवरात्राच्या घाईत. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"अब्बा, हे माझं काम हाय."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुला अजून लय वर्षं धंदा करायचाय रं."

मग मात्र मी जीव ओतला. किडकं सगळं कोरून काढलं, जुन्या लाकडाचा जुळता तुकडा बसवला, सरसानं सांधा जोडला. बाई न्यायला आल्या की खरं सांगून टाकायचं, असं ठरवलं. काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं.

बाई आल्या. तारा छेडल्या, खूश झाल्या. मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "जवारीसुद्धा ह्यापुढं तुम्हीच लावा. त्यांच्याकडं नका देऊ आता."

अब्बा हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी ऐकलं.

मी म्हणालो, "बरं."