आमच्या परसातला सर्व्हेचा दगड

रंगोजीमामा आज सकाळी गेले, आणि त्यांच्याबद्दल नुसतं चांगलं लिहायला माझा हात धजत नाही.

रंगोजीमामा म्हणजे आमचे माजी आमदार. गावाचे 'एमएलए राव सार'. आम्हा तंजावूरच्या मराठी घरांना नुसते मामा. माझ्या अप्पांचे ते शाळासोबती.

दुपारपासून फॅमिली ग्रुपवर एकच. "अक्का, तूच लिही. आमच्यात देवनागरी तुलाच नीट येते."

तर लिहिते, इथे फेसबुकवर.

मामा दोनदा निवडून आले, दोनदा पडले. पडल्यावर टाउन बसने फिरायचे. बसायला जागा असली तरी उभे. सगळ्यांना दिसावं म्हणून, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं. माझं मन असंच आहे.

मुलींच्या शाळेजवळचं दारूचं दुकान त्यांनी हलवायला लावलं. हे खरं.

भातशेतीत तेलविहिरी नकोत, हे ते सत्तेत असताना बोलले आणि नसतानाही बोलले. हेही खरं, माझ्या डायरीत आहे.

बायपास मात्र डायरीत दोनदा आहे.

पहिल्यांदा, तिरुवैयारूच्या सभेत: "भाताच्या जमिनीवर डांबर पडू देणार नाही!" मी टाळ्या वाजवल्या.

दीड वर्षाने, त्याच मैदानात: "अरुंद रस्त्यात ॲम्ब्युलन्स अडकते, आत माणूस मरतो. बायपास हवाच!" मी तेव्हाही टाळ्या वाजवल्या.

मला दोन्ही पटलं होतं. माणसाने मत बदलूच नये असं थोडंच आहे?

मग सर्व्हेवाले आले आणि आमच्या शेतात दगड रोवून गेले. सहा दगड, प्रत्येकावर पिवळ्या रंगात आकडा. रस्ता आमच्या केळीतून, विहिरीवरून जाणार होता.

अप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आई म्हणाली, मामांकडे जाऊन या.

"मी कोणाकडं मागाला जाणार नाही."

आणि गेले नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे तरी नाहीत.

दोन आठवड्यांनी एका सकाळी पाहिलं तर आमच्या शेतात एकही दगड नाही. पाच दगड पाटापलीकडे, तमिळसेल्वीच्या वडिलांच्या शेतात रोवलेले. सहावा पाटात पडलेला.

तमिळसेल्वी माझ्या वर्गातली. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर.

त्या दिवशी डायरीत मी लिहिलं आहे: "दगड गेले. देव पावला. अप्पांनी गोडाची केसरी करायला सांगितली."

दगड कुठे गेले, ते लिहिलेलं नाही.

रोजची भाजीसुद्धा लिहून ठेवणारी मी.

त्या केळीवर माझं एम.ए. पुरं झालं. रस्ता पाटापलीकडून गेला, त्याच वर्षी तमिळसेल्वी शिक्षण सोडून पापनाशमला कापडाच्या दुकानात उभी राहिली.

सहावा दगड अप्पांनी सायकलवर लादून घरी आणला आणि परसात नळाखाली आडवा टाकला. त्यावर आम्ही अजून कपडे धुतो. इतक्या वर्षांच्या साबणानेही आकडा गेलेला नाही.

मामांना मी एकदाच विचारलं. एका लग्नात, पंगतीत ते माझ्या शेजारच्या पानावर होते.

"मामा, आमच्या शेतातले दगड कोणी हलवले?"

"काय गे, पुस्तक लिहूलालीस काय?"

"नाही. विचारूलालें."

त्यांनी रसमभात कालवला. "तुझे अप्पा माझ्याकडं मागाला आले नव्हते."

"ठाऊक आहे."

"मागाला लागतंय काय, गे?"

आणि पापड वाढणाऱ्याला ओरडून म्हणाले, "अरे, इकडं अप्पळम घाल! कलेक्टर बसलीय, चौकशी चाललीय!"

पंगत हसली. मीही हसले.

ते वाक्य मी अजून उलटून पालटून पाहते. ती कबुली होती? की न केलेल्या कामाचं श्रेय? राजकारणातली माणसं पाऊस पडला तरी आम्हीच आणला म्हणतात. कदाचित एखाद्या इंजिनियरने माती बघून रस्ता सरकवला असेल, आणि मामांना ते पेपरातच कळलं असेल.

अप्पांना विचारता आलं असतं. ते होते तोवर विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. केळी हवी होती.

आज मामांच्या दारात तमिळसेल्वी भेटली. हातात हार, डोळे सुजलेले. तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मामांनी स्वतः फोन केला होता म्हणे.

मला लगेच वाटलं, ही दगडांची भरपाई. मग वाटलं, मी या माणसाचं एकही चांगलं काम सरळ बघू शकत नाही का?

तिने माझा हात धरला. तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही नशीबवान गं. तुमचा माणूस होता."

तुमचा.

सहज म्हणाली की जाणून, मला कळलं नाही. मी मान हलवली आणि चपला शोधायला लागले.

शेवटचा संशय माझ्यावरच.

हे सगळं मी देवनागरीत लिहिलं आहे. ग्रुपमधल्या निम्म्या जणांना ते वाचता येत नाही. तमिळसेल्वीला तर एक अक्षरही नाही. लिहिल्याचं समाधान माझं, आणि जिने वाचायला हवं तिला पत्ताच नाही. इतकी सोयीची जागा मामांनाही सापडली नसती.

म्हणून हेच सगळं तमिळमध्ये लिहून खाली पहिल्या कमेंटमध्ये टाकलं आहे. तिला टॅग केलं आहे.

सेल्वी, दगड आमच्या परसात आहे. ये, स्वतः बघ. आली नाहीस, तर का आली नाहीस ते मला कळेल.

मामा, सकाळी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं ते मनापासून होतं. हेही मनापासून आहे.

शांत निजा.