निंबावरची पाटी

वर्ध्याला कॉलेजच्या बागेत आम्ही पोरी पाट्यांवरची लॅटिन नावं घोकायचो: भात सॅटायव्हा, मुळा सॅटायव्हस, लसूण सॅटायव्हम. माळीबाबा दुपट्ट्यानं पत्र्याच्या पाट्या पुसत ऐकायचे. त्यांचं नाव कधी कळलंच नाही. एकदा त्यांनी अर्थ विचारला.

"तिन्हींचा एकच, बाबा. माणसानं लावलेलं. रानातलं नाही."

पुढे सायकल स्टँडसाठी विहिरीजवळचा कडुनिंब तोडायचं ठरलं. बाबा कोरी पाटी घेऊन आले.

"याच्यावर सॅटायव्हा लिहून दे, माय. पाटीवालं झाड कोनी तोडत नाई."

"पण निंबाचं नाव वेगळं आहे, बाबा."

"असन. पन त्याले लावलं म्या."

मी लिहून दिलं. प्राचार्यांनी पाटी वाचली, हसले आणि स्टँड पलीकडे सरकवला.

बाबा रोज ती पाटी पुसायचे, मग निंबाच्या खोडावरूनही दुपट्टा फिरवायचे.