वच्छलाची राहुटी

मुदतीच्या तापातून वच्छला उठली, तेव्हा हाडांवर लुगडं गुंडाळल्यासारखी दिसत होती. विंचरायला घेतलं की केस मुठीनं हातात येत. सौंसरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि तिच्यासमोरच तिच्या नवऱ्याला सांगितलं, "मास्तर, माझ्याजवळचं औषध संपलं. यांना आता मोकळी हवा, ऊन आणि झोप पाहिजे. ताप उलटला तर मग माझ्या हातात काही नाही."

मोकळी हवा म्हणताच भगवंतराव मास्तरांचा चेहरा फुलला. शाळेतलं बालवीरांचं पथक तेच चालवत. दर हिवाळ्यात पोरांना रानात नेऊन राहुटीत झोपवत आणि परतल्यावर त्यांचे लाल गाल साऱ्या गल्लीला दाखवत. डॉक्टरांचा 'झोप' हा शब्द त्यांच्या कानात शिरलाच नाही.

थोरले भाऊ यशवंतराव यांचा संत्र्याचा बगीचा रामाकोन्याच्या वाटेवर होता. मास्तरांनी तिथं शाळेची राहुटी ठोकली आणि सोबतीला बगीच्याची राखण करणारी अंबाबाई दिली. सुरुवातीचे दिवस वच्छला नुसती झोपली. उन्हात आडवी झाली की डोळा लागे, तो उन्हं कलली तरी उघडत नसे. उठवायला कोणी नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून आपण दिवसा झोपलो होतो का, हे तिला आठवेना. हळूहळू भूक लागू लागली. अंबाबाई ज्वारीची भाकर थापायची आणि ही दुसरी मागायची.

"वहिनी, काल अर्धी, आज दीड," अंबाबाई म्हणाली. "माकडं परवडली, पण तुमची राखण महाग पडून राहिली बाप्पा!"

वच्छला हसली. हसतानाही दमली, पण हसली.

रविवारी घरचे तिला पाहायला आले. सासूबाई केसरबाई, थोरली जाऊ उर्मिला, उर्मिलेची पोरंबाळं. बगीच्यात आलेला माणूस रोडगे खाल्ल्याशिवाय परत जात नाही, ही त्यांच्याकडची रीत. उर्मिलेनं कणीक भिजवली ती सैल झाली. वच्छला खाटेवरून पाहत होती. तिला राहवेना. "द्या इकडे," ती म्हणाली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनंच ओच्याला हात पुसले आणि बसली. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे खरपूस भाजले गेले, वांग्याची भाजी जमली, आणि सगळे म्हणाले, हात असावा तर असा.

त्या दिवशी केसरबाई मुक्कामाला राहिल्या. सकाळी उठून म्हणाल्या, "काय वो, माहा गुडघा ठणकलाच नाही! मले घरी नको नेऊ रे भगवंता." मग पोरांचा खोकला गेला म्हणून पोरं राहिली, पोरांसाठी उर्मिला राहिली, आणि उर्मिलेचं डोकं दुखायचं थांबलं. यशवंतरावांनी दुसरी राहुटी मागवली.

त्याच दिवाळीत राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. संध्याकाळी मास्तरांची मित्रमंडळी खाटांवर बसून त्यावर वाद घाली. आपल्या शाळा मराठी राहतील की हिंदी होतील? कचेरीचं काम आता भोपाळला का?

"हवा कोणत्या राज्यातून येऊन राहिली, तेवढं सांगा," त्यांच्यातले पुंडलिकराव सावकाश म्हणत आणि सगळे खोखो हसत.

"चहा टाक वं," मास्तर राहुटीकडे पाहून सांगत.

वच्छला चहा टाकी. तीन दगडांच्या चुलीचा धूर डोळ्यांत जाई. पहाटे सासूबाईंचं पाणी, मग पोरांचं दूध, मग दुपारचं. खाट होती, पण तिच्यावर उर्मिला उन्हं खात बसलेली असे. संध्याकाळी वच्छलाच्या अंगात कसर येऊ लागली. तिनं कोणाला सांगितलं नाही.

रामाकोन्याला रोगी पाहून परतताना डॉक्टर बगीच्यात उतरले. वच्छला चुलीपाशी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, ताप येऊन राहिला का?"

"येते थोडा. संध्याकाळचा."

"झोपता ना?"

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी रोडगे! रीत मोडू नका." डॉक्टर घड्याळाकडे पाहून 'नाही, नाही' म्हणाले आणि बसले. तुपात बुडवून पोटभर रोडगे खाल्ले, वर एक मागून घेतला. जाताना म्हणाले, "मास्तर, हवा उत्तम आहे. बाईंना इथंच ठेवा."

त्यांची सायकल दिसेनाशी झाली, तेव्हा वच्छलाला कळलं, आता कोणी विचारणार नाही.

सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "मले घरी सोडा."

"घरी? त्या अंधाऱ्या खोलीत? इथं आईचा गुडघा बरा झाला!"

"त्यांचा झाला. मले इथली हवा मानवत नाही."

"हवा मानवत नाही असं कुठं असते का? लोक मले हसतील."

"हसू द्या."

केसरबाई सुनेकडे बघत राहिल्या. "हिले चांगलं सोसतच नाही," त्या म्हणाल्या. "माहेरची सवय."

वच्छलाला बैलबंडीत घालून घरी पोचवलं. स्वतः मास्तर बगीच्यातच राहिले. तिथून शाळा काही लांब नव्हती. घर रिकामं होतं. तिनं आतून कडी घातली, सतरंजी टाकली आणि पडली.

दुपारी कोणीतरी दार वाजवलं. बगीच्यातला गडी होता. "वहिनी! आईसाहेबांनी लोणचं मागितलं. आणि मास्तर म्हणतात, बरं वाटत असन तर संध्याकाळी पाहुणे हाय, या म्हणे."

वच्छला जागी झाली होती. लोणचं कुठल्या फळीवर आहे, तेही तिला माहीत होतं. ती हलली नाही. गडी बराच वेळ हाका मारत राहिला, मग त्याच्या वहाणा फटफटत दूर गेल्या. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि कूस बदलली.